कशालाही न लागणारी ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. साकीनाक्याला स्वतःचा गाळा घेतला तो घासाघीस करून, नवस बोलून नाही. तरी हे लिहितोय...

एका औषध कारखान्याचं लेबल छापणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे देखभालीला आलं. लिहिलं होतं सतीशने — माझा जुना पार्टनर. माझे कस्टमर पळवून वर ‘त्याला कोड कळत नाही’ असं बाजारभर सांगत फिरलेला. तो कारखान्याशीही भांडला, म्हणून काम माझ्याकडे आलं.

त्याला फोन केला. म्हटलं, कोड समजावून सांग.

“तूच बघ ना रे. हुशार ना तू?”

परक्याचा कोड समजून घ्यायची आमची एक रीत आहे. एक ओळ बंद करायची, प्रोग्राम चालवायचा, काय बिघडतं ते बघायचं. म्हणजे ती ओळ कशासाठी होती ते कळतं.

दुपारी एक ओळ बंद केली. लेबलवरची तारीख गेली. तेवढ्यात नाहूरहून सतीशच्या बायकोचा फोन.

“भावोजी, ह्यांना काही बोललात का? जेवता जेवता उजवा हात लुळा पडलाय.”

का कोण जाणे, मी ओळ परत चालू केली.

“थांबा... हलला,” वहिनी म्हणाल्या.

मागे सतीश मला शिव्या घालत होता. मी दुसरी ओळ बंद केली. लेबलवरचा बॅच नंबर गेला, आणि शिवी अर्ध्यात तुटली. चालू केली — उरलेली शिवी ऐकू आली.

मग मी सौदा मांडला. वहिनींना फोन त्याच्याकडे द्यायला सांगितला. “सतीश, ज्यांना ज्यांना माझ्याबद्दल सांगितलंस, त्यांना फोन कर. खोटं बोललो म्हण. नाहीतर तुझी एकेक ओळ बंद करतो.”

“वेड लागलंय काय तुला? कर बंद.”

डोकं फिरलं. एक ओळ होती, जिचा कशाशीच संबंध दिसत नव्हता. ती बंद केली. लेबल चोख छापलं गेलं.

“सतीश?”

“बोला. कोण आपण?”

ओळ लगेच चालू केली. पुन्हा पुन्हा केली. फरक नाही. डॉक्टर म्हणतात, तपासण्या स्वच्छ आहेत. बायको, मुलं, सोसायटीचा वॉचमनसुद्धा त्याला आठवतो. मीच तेवढा नाही.

गेल्या रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याने माझं काय नुकसान केलं ते सगळं मी तोंडावर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, हात जोडले. “असं केलं असेन तर माफ करा. पण खरंच, मी तुम्हाला ओळखत नाही.”

हीच माफी मला हवी होती. मागितली ती एका अनोळखी माणसाने... घेऊन करू काय तिचं? चहा तसाच ठेवून उठलो.

ती ओळ आजही कोडमध्ये चालू आहे. ती काय करते, मला सांगता येत नाही.