कृष्णाकाठचा पोहणारा गोराईच्या समुद्रात

मंडळी, समुद्रावरून घरी आल्या आल्या लिहिते.

माझा नवरा कृष्णाकाठचा, पट्टीचा पोहणारा. आज सकाळी आम्ही गोराईला माझ्या माहेरी आलो आणि हा ऐन ओहोटीत समुद्रात उतरला. बघता बघता पाण्याने त्याला आत ओढलं. जीव तोडून किनाऱ्याकडे हात मारत होता, पण लांबच जात होता.

मी नुसती किंचाळत होते. आईचा जन्म मासेमारीत गेलाय. ती कमरेइतक्या पाण्यात शिरून ओरडली, "सरळ येऊ नको रे! आडवा पोह, किनाऱ्याला समांतर!"

त्याने ऐकलं, आडवा पोहत त्या ओढीतून बाहेर पडला आणि मग किनाऱ्याकडे वळला. बऱ्याच अंतरावर पाय वाळूला टेकले.

धापा टाकत म्हणाला, "आमची नदी अशी मागे ओढत नाही गं."

आई म्हणाली, "नदीला ओहोटी नसते, बाबा."

तुमच्या घरचे कुठल्या पाण्यात पोहायला शिकलेत? समुद्रावर नेण्याआधी एकदा विचारा.