नॉर्मलचा शिक्का

अहिरे मॅडमच्या लॅबमध्ये 'नॉर्मल' असा एक रबरी शिक्का होता आणि तो त्यांनी एका रिकाम्या बरणीत झाकण लावून कोंडून ठेवला होता. रिपोर्ट भराभर निघावेत म्हणून हॉस्पिटलने तो मुद्दाम करून आणलेला. मॅडम मात्र कालचा आकडा, आजचा आकडा स्वतःच्या हाताने लिहायच्या आणि खाली सही करायच्या. "नॉर्मल की काय ते पेशंटकडे बघून ठरतं. मी बघितलाय का पेशंट? मग?"

मूळच्या नामपूरच्या. द्वारका चौकाजवळच्या आमच्या खासगी हॉस्पिटलात पंधरा वर्षं टेक्निशियन होत्या. एरवी बोलणं अगदी शहरी, पण संतापल्या की थेट गावाकडची बागलाणी बोली. कुणी रक्ताच्या नळीवर नाव न घालता ती पाठवली की "हाई काय शे?" एवढंच विचारायच्या. आम्ही डॉक्टरसुद्धा निमूट परत जाऊन नाव घालून आणायचो.

दोन हजार सालानंतर आमच्याकडे एक नवी रक्ततपासणी आली, प्रोकॅल्सिटोनिन. शरीरात मोठा जंतुसंसर्ग झाला की रक्तात हे वाढतं. मेंदूचं ऑपरेशन करणारे आमचे सर तर तिच्या प्रेमातच पडले. आता मेंदूतला संसर्गही रक्तावरूनच कळणार, असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

त्याच दिवसांत आयसीयूत शकुंतलाबाई होत्या. फुलांची शेती करणाऱ्या, टेम्पोतून पडून डोक्याला मार लागलेला. ऑपरेशननंतर डोक्यात साचणारं पाणी काढायला नळी बसवली होती. पाच दिवस बाई छान बोलत होत्या, चहा मागत होत्या. सहाव्या दिवशी ताप आला आणि डोळे उघडेनात. मी रक्त पाठवलं. आकडा कमी आला. सर फोनवर म्हणाले, "रक्त क्लीन आहे ना? मग मेंदूत काही नाही. नळीला हात लावू नका."

मॅडम कागद घेऊन तीन मजले चढून वर आल्या. धाप लागलेली. "डॉक्टर, रक्ताला विचारलंत. डोक्याला विचारलंत का? नळीतलं पाणी पाठवा."

"सर नको म्हणालेत, मॅडम."

"संसर्ग डोक्यातच असला तर कधीकधी रक्ताला पत्ताच लागत नाही. टेस्ट चांगली आहे हो, पण तिला कळतं तेवढंच तिला विचारा ना!"

मी काय केलं? मॅडम जेवायला गेल्यावर तो रिपोर्ट घेऊन खाली लॅबमध्ये गेलो, बरणीतून शिक्का काढला आणि त्यांच्या सहीशेजारी ठोकला. सरांच्या राउंडला फाइल नीट दिसावी, कुणी मला प्रश्न विचारू नयेत, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

दोन दिवस असेच गेले. ताप उतरेना, तेव्हा तिसऱ्या दिवशी सरांनीच नळीतलं पाणी पाठवायला सांगितलं. गढूळ होतं, पू झालेला. औषधं सुरू झाली, बाई वाचल्या, पण नवऱ्याला ओळखेनात. तो बिचारा रोज उशाशी बसून "अगं, मी आलोय" म्हणायचा. एक दिवस त्याने जाब विचारला, तेव्हा सरांनी तोच कागद त्याच्यापुढे धरला. "हे बघा, नॉर्मल. आमच्या हातात काही नव्हतं." आणि खात्री पटवायला मॅडमना बोलावलं.

मॅडमनी शिक्का पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "भाऊ, रक्त ठीक होतं. डोक्यातलं पाणी दोन दिवस कुणी तपासलंच नाही. हे त्या शिक्क्यात येत नाही."

आठवड्याच्या आत त्यांना काढलं. कारण काय, तर 'वागणूक'! एका बाईचं डोकं गेलं ते चाललं, त्याला वागणूक म्हणत नाहीत. सर तर पुढच्याच महिन्यात त्या टेस्टवर डॉक्टरांपुढे भाषण देऊन आले. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच.

जाण्याच्या दिवशी मॅडम पर्स खांद्याला लावून वर आल्या. शिक्का माझ्या हातात ठेवला. "तेव्हा माझ्या सहीवर मारलात. यापुढे स्वतःच्या सहीवर मारा."

तो मी मारला होता हे त्यांनी नोकरी गेली तरी कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.