शर्टावर बसलेले नर

सौंसर तालुक्याच्या हितासाठी एक गंभीर बाब जाहीर करणं भाग आहे: संत्री नासवणाऱ्या फळमाशीचे नर आमच्या शेजाऱ्यावर भाळत. बागांमध्ये नर माश्यांना भुलवून पकडणाऱ्या वासाच्या औषधाचे बोळे टांगायचे आणि कोणत्या वासाला किती माश्या येतात ते वहीत लिहायचं, ही त्याची सरकारी नोकरी. औषधाचे हात शर्टाला पुसायची खोड होती. काहीही विचारा, तो आधी बोटं हुंगी, मग म्हणे, "पाहून राहिलो."

लग्नासाठी मात्र त्याला तीन ठिकाणी नकार आला होता. चौथी मुलगी बोरगावची. मी सोबत गेलो. शर्ट इस्त्रीचा, पण तोच. पाहुण्यांना घरापुढच्या बागेतच बाजेवर बसवलं. पोह्यांची बशी येईपर्यंत त्याच्या छातीवर पन्नासेक माश्या बसल्या. तो शांतपणे मुलीच्या बापाला म्हणाला, "घाबरू नका जी, सारे नर आहेत. मादी माह्याकडे येतच नाही."

दाराआड मुलगी हसली. बाप हसला नाही. त्याची अर्धी बाग माशीनं नासवली होती. तो त्या शर्टावरच्या माश्या मोजता मोजता एकदम बोलून गेला, "पोरगी देतो जवाईबापू, पण हा शर्ट इथंच झाडाले टांगून जा!"