भिंगरीचं शून्य

पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली, म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत, आणि पुढे प्रयोगशाळेतही तेच नाव चिकटलं. दुधाकडे लक्ष ठेव म्हटलं, तर दूध उतू जायचं आणि ही गच्चीत सापडायची. अशा मुलीने स्फटिक वाढवायचं काम पत्करलं, तेव्हा आईने कपाळाला हात लावला.

"अगं, त्याची आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागते म्हणतेस ना? तुला जमेल?"

"वाट भट्टी बघेल. मी फिरेन इकडेतिकडे!"

पण भट्टीपाशी ती जी रमली ती रमलीच.

लोखंड आणि टेल्युरियम एकत्र वितळवून सावकाश निववलं, की काळेभोर, आरशासारखे चकचकीत स्फटिक मिळतात. दिसायला देखणे, पण विजेच्या बाबतीत अडेलतट्टू. कितीही गारठवा, विजेला होणारा विरोध काही संपत नाही. त्यातला लोखंडाचा एकेक अणू म्हणजे चिमुकलं चुंबकच, आणि थंडी वाढली की ही सगळी चुंबकं कवायतीला उभी राहतात. मात्र थोडं टेल्युरियम कमी करून त्याच्या जागी सेलेनियम घातलं, तर त्याचे अणू अंगाने लहान असल्यामुळे कवायत विस्कटते, आणि कडाक्याच्या थंडीत वीज बिनविरोध सुसाट सुटते. हीच अतिसंवाहकता. सेलेनियम नेमकं किती घालायचं, हे शोधणं भिंगरीच्या वाट्याला आलं होतं.

"घरात एक माणूस बदललं की सगळ्या घराची चाल बदलते ना, तसं आहे बघ," ती आईला सांगायची.

"मला काय सांगतेस? मी सून होते," आई म्हणायची.

भुकट्या क्वार्ट्झच्या नळीत भरायच्या, आतली हवा खेचून घ्यायची आणि ज्योतीवर नळीचं तोंड वितळवून बंद करायचं. हे शेवटचं काम तळमजल्यावरच्या काचवाल्याचं. उंच, अबोल माणूस. डोळ्यांवर रंगीत चष्मा, समोर फुरफुरणारी ज्योत, आणि तोंडातून दिवसाला चार शब्द. भिंगरी त्याच्या खोलीत गेली की त्याच्या वाटचंही बोलून यायची.

एकदा भुकटी तोलताना हातमोजा फाटलेला तिच्या लक्षातच आला नाही. टेल्युरियम अंगात गेलं की श्वासाला लसणाचा वास येतो, आणि तो काही केल्या लवकर जात नाही. डॉक्टरांनी तपासून घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं, पण बसमध्ये तिच्या शेजारची जागा आपोआप रिकामी होऊ लागली. आईने घराच्या खिडक्या सताड उघडल्या. तिला संशोधनात मार्गदर्शन करणारे सर तर तिच्याशी दारातूनच बोलायचे. काचवाला मात्र नेहमीसारखा जवळ उभा राहून नळी फिरवत होता.

"तुम्हाला वास येत नाही का हो?"

"येतो की."

"मग?"

"मग काय? येतो."

भिंगरी त्या उत्तरावर दिवसभर एकटीच हसत होती.

वास गेला, पण स्फटिक काही वठणीवर येईनात. थंड करत नेलं की विरोध झरझर उतरायचा आणि शून्याच्या अलीकडेच बसकण मारायचा. सरांनी आलेख उलटसुलट करून पाहिला.

"सेलेनियम बरोबर पडलंय. पण जास्तीचं लोखंड थरांच्या मध्ये घुसून बसलंय, ते घोळ घालतंय. जरासा ऑक्सिजन देऊन मंद आचेवर ठेव. तो ओढून घेईल त्याला."

पुन्हा नळी, पुन्हा ज्योत, पुन्हा भट्टी. मग एका लख्ख सकाळी भिंगरीने स्फटिकाला तारा जोडल्या, तो हेलियमच्या गारठ्यात सोडला आणि संगणकाच्या पडद्यासमोर बसली. विरोधाचा आकडा उतरत गेला, उतरत गेला, आणि धपकन शून्य. तार सुटली असणार! तिने तारा बदलल्या. शून्य. स्फटिक जरा ऊबदार केला, विरोध परत आला. गारठवला, शून्य! सरांनी चुंबकाचीही परीक्षा घेतली. स्फटिक चुंबकाचा प्रभाव अंगातून बाहेर लोटत होता, म्हणजे अतिसंवाहकतेची पक्की खूण. एरवी आवाज न चढवणारे सर "अगं, हे झालं की!" असं ओरडून स्टुलावर बसले आणि स्टुलासकट घरंगळले.

त्यांना उठवायचंही विसरून भिंगरी जिना उतरली.

"शून्य!" ती दारातूनच ओरडली.

"नळी फुटली?" काचवाला दचकला.

"फुटली नाही हो! शून्य आलं! अगदी सगळंच्या सगळं शून्य!"

त्याने ज्योत विझवली, चष्मा काढला. "मग आता काय करायचं?"

"आता? आता लग्न!"

आपण काय बोललो ते कानावर पडल्यावर तिला कळलं.

"कुणी?"

"तुम्ही. म्हणजे मी. म्हणजे... आपण."

"बरं," काचवाला म्हणाला.

"बरं काय, बरं? नळी बंद करायला नाही सांगितलेली!"

"कळलंय गं." त्याचे कान लालबुंद झाले होते. "कधीपासून विचारणार होतो. पण तू एका जागी उभी राहशील तेव्हा ना!" एका दमात तो इतकं कधीच बोलला नव्हता.

भिंगरीने तिथूनच आईला फोन लावला. "आई, विरोध शून्य झाला आणि मला नवरा मिळाला!"

"कुणाचा विरोध?" आई गडबडली. "मी कुठे विरोध केलाय? मला तर आत्ताच कळतंय!"

भिंगरी फरशीवर बसून पोट धरधरून हसू लागली, आणि काचवाल्याने तिच्या हातातून फोन घेऊन, घसा खाकरून, भावी सासूबाईंना टेल्युरियमपासून सगळं समजावून सांगायला सुरुवात केली.