आसमानी चिंदीचे अकराशे फोटो

आमच्या घरात सकाळी दहाच्या आत लाल रंगाला मज्जाव आहे. लग्न होऊन अमळनेरहून सुरतेला आले, त्या पहिल्याच आठवड्यात नव्या नवरीच्या हौसेने मी लालभडक साडी नेसून ह्यांना चहा दिला, तर ह्यांनी कप घेतला आणि मान खिडकीकडे वळवली. मला वाटले, काहीतरी चुकले, रागावले. मग कळले, की हे पांडेसऱ्यातल्या एका रंगाईच्या मिलमध्ये कलर मास्टर आहेत, म्हणजे कापडावर चढलेला रंग गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी तंतोतंत जुळला की नाही हे नुसत्या डोळ्यांनी बघून सांगणारे. आणि सकाळी सकाळी डोळ्यात भडक लाल शिरला, तर पुढे तासभर प्रत्येक हिरवा खोटा दिसतो, अशी त्यांची ठाम समजूत. तेव्हापासून माझ्या सकाळी राखाडी, बदामी आणि मातकट साड्यांत गेल्या. मी शिकवते त्या शाळेतल्या बाया विचारत, बाई, तुम्हाला रंगांचे वावडे आहे का हो? मी हसून सोडून देई. गुलबक्षी आणि डाळिंबी साड्या मी संध्याकाळी नेसत असे.

ह्या डोळ्याचे कौतुक मी केले नाही असे नाही. पांडेसऱ्याच्या हवेत वाफेचा आणि व्हिनेगरसारख्या आम्लाचा जो आंबूस, ओलसर दर्प सदैव तरंगत असतो, तो ह्यांच्या सदऱ्याला चिकटून घरी येई, आणि जेवताना हे सांगत, आज अबोलीत पिवळा एक टिपूस जास्त होता, मी कापडाचा तो सगळा लॉट थांबवला. शेजारी उभ्या असलेल्या पंधरा जणांना तो टिपूस दिसलेला नसे. मिलमध्ये आता रंग मोजायची दोन मशिने आली आहेत. तरी अडले की शेठ नमुना घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जातात आणि मास्टरला हाक मारतात. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, तो कुणाची बाजू घेत नाही, असे हे म्हणतात. आमचा संसार त्या उजेडावर उभा राहिला, दोन मुली शिकल्या, सुरतेतच भेस्तानला दोन खोल्यांचे घर झाले. खरे सांगायचे तर कधीकधी मला त्या डोळ्याचा मत्सर वाटे. घरात देवाच्या आधी त्याची बडदास्त ठेवावी लागे.

तर, उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, नुकतीच उरकली होती. तारांवर फाटक्या पतंगांची लक्तरे लोंबत होती, गच्च्यांवरून गुलाबी दोऱ्याचे गुंते वाऱ्याने खाली येत होते, आणि जानेवारीचे ते कोवळे, सायीसारखे ऊन आमच्या ओट्यावर पसरले होते. सुट्टीचा दिवस. धाकटीने नातवाच्या पहिल्या रांगण्याचा व्हिडिओ पाठवला होता आणि तो ह्यांच्या फोनवर काही केल्या उतरेना. जागा नाही, जागा नाही, एवढेच तो फोन पुन्हा पुन्हा सांगे. गेले दोन महिने त्याचे हेच रडगाणे चालले होते. फोन वाजे आणि उचलायच्या आत गोठून जाई. हे अंघोळीला गेले होते. म्हटले, आपणच बघावे.

फोन साफ करणारे एक अ‍ॅप माझ्या फोनवर मुलीने टाकून दिले होते, तेच मी ह्यांच्या फोनवर उतरवून घेतले. उघडताच पडद्यावर एक झाडू गोल गोल फिरू लागला आणि फोनच्या पोटातला एकेक कप्पा बाहेर येऊ लागला: नको असलेल्या फाइली, वर्षभरात न उघडलेली अ‍ॅपे, सुप्रभाताचे फुलांचे फोटो. मला अशी कामे मनापासून आवडतात. डबे घासून पालथे घालावेत, तसे मी एकेक निकालात काढत गेले. मग एक कप्पा आला, ‘एक जैसे फोटो’, आणि त्याखाली आकडा होता अकराशेच्या वर. उघडून बघते, तर पानामागून पान एकच चित्र. पांढऱ्या कागदावर ठेवलेली बोटभर लांबीची आसमानी चिंदी, कडेला ह्यांच्या अंगठ्याचे नख. दुसरे काही नाही. मला हसू आले. आपल्या नवऱ्याचा अंगठा चुकून दाबला जात असणार, असेच मला वाटले. अ‍ॅपने सर्वांत स्पष्ट असा एक फोटो स्वतःच निवडला, बाकीच्यांवर बरोबरच्या खुणा केल्या आणि नम्रपणे विचारले, हटवू का? मी हटवले. काढलेले फोटो महिनाभर कचरापेटीत राहतात हे मला ठाऊक होते. मी तीही रिकामी केली. अर्धवट सफाई मला जमत नाही.

फोन कसा हलका झाला! व्हिडिओ झटकन उतरला, नातू गुडघ्यांवर डुलत डुलत पुढे आला. हे केस पुसत बाहेर आले, व्हिडिओ दोनदा बघितला, प्रसन्न हसले, आणि मग सवयीने बोट फोटोंकडे गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला.

“मना फोटो कोठे ग्यात?”

घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण इतक्या हळू आवाजात ह्यांनी ती कधी बोललेली मला आठवत नाही. मी सांगितले, हौसेने सांगितले, किती जागा मोकळी झाली तेही सांगितले. हे पलंगाच्या कडेला बसले. ओरडले असते तर बरे झाले असते. ओल्या टॉवेलचे टोक पिळत पिळत त्यांनी सगळे सांगितले.

साडेतीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी पास केलेला आसमानी लॉट परत आला होता. शेठ काही बोलले नाहीत, मशीन बिघडले असेल म्हणाले. पण ह्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी त्या लॉटची एक चिंदी कापून पाकिटात ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सव्वादहाला, मिलमधल्या उत्तरेच्या त्याच खिडकीत, तोच पांढरा कागद ठेवून तिचा फोटो काढायला लागले. आजचा फोटो कालच्याशी लावून बघायचा, महिन्यापूर्वीच्याशी, वर्षापूर्वीच्याशी. सगळे सारखे दिसले की पाकीट बंद करून कामाला लागायचे.

“मना डोया कालनाच शे, हाई माले रोज देखनं पडस,” ते म्हणाले. माझा डोळा कालचाच आहे, हे मला रोज बघावे लागते.

साडेतीन वर्षे हा माणूस ही भीती खिशात घेऊन फिरत होता आणि मी त्याच्या डब्यात लोणचे द्यायला विसरत नव्हते, एवढीच माझी कर्तबगारी! मला स्वतःचीच भयंकर चीड आली. त्यांच्या जवळ जावे, काहीतरी धीराचे बोलावे, असे मनात आले. पण पंचवीस वर्षे मुलांच्या वह्या तपासणाऱ्या बाईची जीभ आधी धावते. मी शाळेतल्या मराठीत म्हणाले, “अहो, पण जुना फोटोसुद्धा तुम्ही आजच्याच डोळ्यांनी बघत होता ना?”

बोलून गेले आणि वाटले, शब्द परत गिळता आले तर किती बरे. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यावर पिवळी काच चढली असेल, तर तिच्यातून कालचाही पिवळा दिसणार आणि आजचाही. दोन्ही जुळणारच, रोज जुळणार. अकराशे दिवस जुळत आले होते. ज्या माणसाने आयुष्यभर दोन रंगांतला केसाएवढा फरक पकडला, त्याला स्वतःची एवढी चूक दिसली नाही. आणि खरे तर कुणाला दिसते? आपण बदललो की नाही हे तपासायला आपल्यापाशी आपलाच डोळा असतो, दुसरा कुठून आणायचा? हे उठून पाकीट घेऊन आले. मग पाकिटातून ती चिंदी काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारले, “तुले कसी दिखस?” तुला कशी दिसते? मी म्हणाले, आसमानी, स्वच्छ आसमानी. ते म्हणाले, मला यात हिरवट झाक दिसते, दोन वर्षे झाली; जुन्या फोटोंतही तीच दिसे, म्हणून चिंदीच तशी असेल असे धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेठना सगळे सांगितले. मी शाळेत होते, पण माझे लक्ष फळ्यावर नव्हते. नोकरी गेली तर हे घरात बसून काय करतील, हाच विचार सारखा येत होता. पैशांपेक्षा मला त्या रिकाम्या सकाळींची धास्ती वाटत होती. संध्याकाळी हे आले ते काहीसे ओशाळे आणि काहीसे सैल होऊन. शेठ म्हणाले होते, “मास्टर, मशीन तो बे छे, आंख क्यांथी लावीश? करावी लो, पछी आवजो.” मशिने दोन आहेत, डोळा कुठून आणू; दाखवा, काय असेल ते करून घ्या आणि मग या.

तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी सहज सांगितले, आधी उजवा करू, महिन्याभराने डावा. ह्यांना मात्र शस्त्रक्रियेची नव्हे, तर नव्या भिंगाची भीती. तीस वर्षे ज्या डोळ्याने रंगांची नावे पाठ केली तो काढून दुसराच कुणाचा तरी बसवणार, आणि त्याला राणी आणि गुलबक्षी हे दोन गुलाबी वेगळे ओळखता आले नाहीत तर? उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली; पट्टी रात्रीपुरतीच होती. ती निघाल्यावरही आठवडाभर काळा चष्मा लावून हे खुर्चीत बसून राहिले. हाक मारली तर बघत, पण कोणत्याही रंगावर नजर ठरवत नसत. मी घरातल्या रंगीत चादरीसुद्धा काढून ठेवल्या, काय माहीत, पहिली ओळख चुकीची व्हायला नको.

आठव्या दिवशी शेठनी निळ्या कापडाचे तीन तुकडे एका पुठ्ठ्यावर लावून पाठवले, त्यातला एक बाकीच्या दोहोंशी न जुळणारा. मागे चिठ्ठी चिकटवलेली, उत्तर आत लिहिलेले. सकाळचे साडेदहा झाले होते. हे खिडकीशी गेले, चष्मा काढला, डावा डोळा हाताने झाकला. मी शेजारी उभी होते. त्यांनी तुकड्यांकडे बघितले आणि एकदम हसले, लहान मुलासारखे.

“हाऊ तं निया शे!” हा तर निळा आहे. मग पुन्हा, “निया!” जणू निळा नावाचा रंग असतो हे त्यांना आजच कुणीतरी सांगितले होते. मधल्या तुकड्यावर बोट ठेवले. मी चिठ्ठी उघडली. मधलाच होता. मला रडू फुटले, आणि मी ते लपवले नाही.

ते वळले आणि मला बघू लागले. उजव्या डोळ्याने, नव्या, कोऱ्या डोळ्याने, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एखादा लॉट तपासावा तसे.

“तुना केस इतला पांढरा कव्हय व्हयनात वं?”

इतके पांढरे केव्हा झाले, हे मला तरी कुठे ठाऊक होते. मी हसत म्हणाले, कधीचेच. त्यांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने बघितले. त्या जुन्या, पिवळ्या, मऊ उजेडातली मी त्यांना कशी दिसले ते मी कधी पाहू शकणार नाही, पण त्यांचा चेहरा निवळत गेला तो मी पाहिला. पुष्कळ वेळ ते तसेच बघत राहिले. मिलसाठी नवा डोळा पुरेसा होता, ते आता आम्हा दोघांनाही माहीत होते.

जेवताना ते म्हणाले, डाव्या डोळ्याची तारीख थोडी पुढे घेता येते का, डॉक्टरांना विचार. कशाला, ते मला कळले: त्या डोळ्यात माझे केस अजून इतके पांढरे झाले नव्हते. मी हो म्हणाले, हात धुतले, आणि फोन हातात घेऊन बसले आहे; किती दिवस मागावेत, तेवढेच ठरत नाही.