घाटी मेली वायट

कराडहून आलेली एसटी कुंभार्ली घाट उतरून पोफळीला थांबली, तेव्हा आमचे हे मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघत बसले होते. अहो, घाट एसटीनं उतरला होता, ह्यांनी नव्हे! पण ते बोलायची सोय नव्हती.

बायपास झाल्यापासून हेच चाललं होतं. हाच माणूस पूर्वी दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चिखल तुडवत जायचा. आता कोल्हापुरात दुसऱ्या मजल्यावरच्या घरी लिफ्टनं जातो. डॉक्टर म्हणाले, "बिनधास्त चाला." ह्यांना ते पटेना. गुहागरहून गणपतीपुळ्यापर्यंत समुद्राच्या काठानं चालत जायचा बेत मूळचा ह्यांचाच, नोकरीत असतानाचा. फेब्रुवारीत मी तो उकरून काढला. ह्यांनी अट घातली, "मी म्हणेन तिथं गाडी बोलवायची." मी लगेच हो म्हटलं. मला माझा जुना नवरा परत हवा होता, बास.

गुहागरच्या पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) सकाळी निघालो. सुकती (ओहोटी) असल्यामुळे ओली वाळू पायाखाली घट्ट होती. आंब्याला मोहोर होता, त्याचा वास पार समुद्रापर्यंत येत होता. हे थोडं चालायचे, थांबायचे, मनगट धरायचे. पालशेतच्या अलीकडे भलतंच झालं. ह्यांचं काळीज शाबूत राहिलं आणि माझ्या बुटाचा तळ सुटला! जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांनी तो नायलॉनच्या दोरीनं आवळून दिला.

"कुठं चाललाव?"

"गणपतीपुळ्याला."

"चालत? एसटी चुकली काय?"

मी हसले. हे हसले नाहीत.

मुक्काम वेळणेश्वरला एका घरी केला. घरातल्या वहिनींनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि ओल्या काजूची उसळ वाढली. इतकं अगत्य, की मी दोनदा भात घेतला. सकाळी मात्र ह्यांनी अंथरुणातूनच सांगितलं, "आज नको वाटतंय. गाडी बोलव."

मला रडूच आलं. तोंड लपवायला मी स्वयंपाकघरात गेले आणि काहीतरी विचारायचं म्हणून वहिनींना हेदवीची वाट विचारली.

"सड्यावरनं (जांभ्या खडकाच्या पठारावरून) जावा की! पुढची घाटी मेली वायट हाय. वाईच जपून."

आता सांगायला हवं. कोकणात घाटी म्हणजे डोंगर उतरणारी पायऱ्यांची वाट. माझं आजोळ चिपळूणचं, त्यामुळे मला ठाऊक. पण कोल्हापूरच्या माणसाला घाटी या शब्दाचा एकच अर्थ कळतो: कोकणातल्यांनी घाटावरच्यांना नाक मुरडून दिलेलं नाव. आणि हे नेमके तेव्हाच चहासाठी दारात आले होते. मधले दोन-तीन शब्दच ह्यांच्या कानावर पडले.

खोलीत येऊन बघते, तर हे बूट चढवत होते. तोंड लालबुंद.

"घाटी वाईट काय? काल गोड बोलून जेवायला घातलं आणि पाठीमागं हे? चल! एक मिनिट थांबायचं नाही इथं."

"अहो, पण गाडी..."

"गाडीबिडी काही नको! घाटी कसा चालतो ते बघू दे जरा."

मी सांगायला तोंड उघडलं. आणि मिटलं.

सड्यावर पिवळं वाळलं गवत, मध्ये काळपट कातळ, उजवीकडे खाली समुद्र. सावलीचं नाव नाही. हे पुढे तरातरा चाललेले आणि तोंडाचा पट्टा सुरू. "आमच्याकडं पाहुणा आला तर तांबडा-पांढरा रस्सा नरड्यापर्यंत येतो! नावं नाही ठेवत आम्ही कुणाला!" माझा जीव खालीवर होत होता. रागानं काही झालं म्हणजे? सांगून टाकावं का? मी "हळू हो!" म्हणून दोनदा ओरडले. पण ह्यांचे दोन्ही हात मोकळे हलत होते. कितीतरी महिन्यांनी मी ते तसे बघत होते. मी मागून पावलं उचलली.

सडा संपला आणि घाटी आली. झिजलेल्या पायऱ्या, वर वाळका पाला, पाय ठेवला की सटकणार. रागात असले तरी ह्यांनी मला हात दिला, अगदी शेवटच्या पायरीपर्यंत. खाली एक आजोबा गवताचा भारा टेकवून बसले होते.

"घाटीनं उतरलाव? शाबास! लय वायट घाटी ही. आमची गुरं पण उतरत नाहीत."

ह्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"घाटी म्हणजे... ही?"

"ही."

"तुला माहीत होतं?"

"माझं आजोळ चिपळूणचं आहे."

हे मटकन पायरीवर बसले. खांदे हलायला लागले. मी घाबरून वाकून बघितलं, तर हा माणूस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. आजोबाही हसू लागले, कशाला हसतोय ते न विचारता. मग ह्यांची बोटं सवयीनं मनगटावर गेली.

"जोरात चाललीय," म्हणाले. हात खाली घेतला. "चालू दे."

पुढे तवसाळला फेरीबोटीनं खाडी ओलांडली. जयगडला पाय सुजले, मालगुंडला माझ्या बुटाचा तळ पुन्हा सुटला, भांडणंही झाली, पण गाडीचं नाव निघालं नाही. गणपतीपुळ्यात दर्शन झाल्यावर ह्यांनी वेळणेश्वरला फोन लावला. "वहिनी, घाटी सुखरूप पोचला!" पलीकडून वहिनी विचारत होत्या, "कुठली घाटी हो?" हे काही सांगेनात, नुसते हसत राहिले. मनात आलं, बाई गं, तुझ्या त्या एका शब्दाचे उपकार मी कसे फेडू?

कोल्हापुरात घरी पोचलो. मी लिफ्टचं बटण दाबलं. ह्यांनी पिशवी खांद्यावर घेतली आणि जिन्याकडे वळले.

"तू हो पुढं," म्हणाले. "मी घाटीनं येतो."