मांडीवर लाल बाटली: कोनहून कार्ल्याला आणि परत

सगळ्यात आधी कोण उगवलं, तर चिरनेरची चांगुणा. माझी नणंद. गाडी अजून मुंबईहून निघालीही नव्हती आणि ही सकाळी सातला आमच्या ओट्यावर हजर, हातात सुक्या बोंबलांची पिशवी.

"वयनी, गाडीला दोनच सीटा हायत म्हनं. खरं काय?"

खरंच होतं. माझ्या थोरल्याचा मुलगा जयेश, त्याने ती घेतली. पिवळीधमक, जमिनीला चिकटलेली, दुसऱ्याने थोडी वापरलेली स्पोर्ट्स कार. आमचं शेत गेलं त्याचे पैसे आले होते ना. त्या शेतात लावणीला आम्ही नऊ बायका वाकायचो, आणि त्या शेताची जी गाडी झाली तिच्यात माणसं मावतात दोन. मी हे बोलले तर जयेश म्हणाला, "आजी, दुसरी सीट पहिल्या दिवशी तुझीच." खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. चांगुणाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

ठरलं असं की गाडी आली की दुसऱ्या दिवशी कार्ल्याला आईच्या दर्शनाला जायचं. ज्यांना असल्या बसक्या गाडीने जायचं असेल त्यांच्यासाठी सगळं लिहिते. मी चौथीपर्यंत शिकलेय, मोबाइलवर एका बोटाने लिहिते, चुका पोटात घाला.

आधी बाटलीचं सांगते, कारण तिच्याशिवाय माझा धाकटा आम्हाला निघू देईना. धाकटा म्हणजे बाळाराम, आमचा बाळू, जयेशचा काका. न्हावा शेव्याहून कंटेनर घेऊन जायचा, ट्रेलरवर बारा वर्षं. एकदा उतारावर मागच्या टायराने पेट घेतला. ट्रेलरमधली आग विझवायची बाटली जुनी, दाब दाखवणारा काटा लालवर, दाबली तर नुसती फुस्स झाली. तो रस्त्यात उभा राहून गाड्यांना हात करत राहिला. तो सांगतो, "लोक माज्याकडं बगत होते आन काचा वर करत होते." शेवटी गोणपाटाने आणि हाताने विझवायला गेला. आता उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलीत. पार्किंगमध्ये पावत्या फाडतो.

तर आम्ही तिघं पनवेलच्या बाजारात गेलो. जयेशने आधी एक डबी उचलली, सेंटच्या बाटलीएवढी. "ही बघ काका, स्लीक आहे. कप्प्यात राहील."

"ती अगरबत्ती विझवायला ठेव," बाळू म्हणाला.

दुकानदार शहाणा होता. म्हणाला, "गॅसची क्लीन असते, काही डाग नाही, पण महाग. पावडर लाकूड, कापड, पेट्रोल, वायर सगळ्यावर चालते. फक्त नंतर साफसफाई फार."

"माझ्या सीट पांढऱ्या आहेत," जयेश म्हणाला.

"पावडर पुसता येते बाबा. जळलेली सीट पुसता येत नाय," बाळू म्हणाला.

शेवटी दोन किलोची पावडरची घेतली, चौदाशे रुपये. घेताना काटा हिरव्यावर आहे का बघा, कडीला सील आहे का बघा, खाली तारीख बघा. पट्टा बांधल्या बांधल्या हात पोचेल अशा जागी बसवा. डिकीत टाकलीत तर घरी ठेवल्यासारखीच. आणि मोकळी कधी ठेवू नका, गडगडत ब्रेकखाली गेली तर बाटलीनेच जाल. तिला पत्र्याचा पट्टा येतो सीटच्या बोल्टला बसणारा, पण ह्या गाडीच्या मापाचा नव्हता, आठ दिवसांनी मिळेल म्हणाला. तळाला भोक पाडायला जयेश तयार होईना. मग मीच म्हटलं, माझ्या मांडीवर राहू दे, ओटीचं ताट तरी कुठे पायाशी ठेवणार आहे, तेही मांडीवरच.

घरी बाळूने शिकवलं. कडी त्याच्या बोटांत धरत नाही, म्हणून माझ्या हातात दिली. "अशी वढायची, मग दाबायची. ज्वाळेवर नाय मारायचं आये, बुडाशी मारायचं." मग म्हणाला, "आन वाटेत कोनाला लागली तर देऊन टाक. परत मागू नको. नवी घेऊ."

"देईन की," मी म्हटलं. चांगुणा हसली, "वयनीच्या मांडीवर नातू झाला लाल." मी पण हसले.

दुसऱ्या दिवशी बुधवारी आठला निघालो. मुद्दाम बुधवार, नवरात्र लागायच्या आधीचा, रविवारी कार्ल्याला पाय ठेवायला जागा नसते. गाडीत बसणं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं, फक्त पाय लांब करायचे. आधी ढुंगण टाका, मग पाय आत घ्या. आमच्या गल्लीच्या गतिरोधकावर खालून खर्र आवाज आला, जयेश असा कळवळला की जणू त्याच्याच पोटाला खरचटलं. आमच्या कोन गावालाच एक्सप्रेसवेला लागलो आणि मग मात्र काय सांगू. पाठीमागे इंजिन वाघासारखं गुरगुरतं, रस्ता पोटाखालून जातो, आणि ट्रेलरची चाकं माझ्या कानाशी. मी ओरडले पण आनंदाने. सत्तर वर्षांची मी, एवढी कधी पळाले नव्हते.

टोलला खिडकीतला मुलगा वाकून खाली बघायला लागला. घाटात दोनदा कान बंद झाले. कार्ल्याला अर्ध्या डोंगरापर्यंत गाडी जाते, पण ही जाऊ देऊ नका, रस्ता खडबडीत आहे. आम्ही खालीच लावली. मला बाहेर ओढायला फुलवाल्या दोघी आल्या. एक म्हणाली, "आजी, हे काय आनलंस देवीला?" बाटली माझ्या हातातच होती. पायऱ्या सावकाश चढले, तीनदा बसले. ओटी नीट भरली, धक्काबुक्की नाही. देवीला सांगितलं, बाळूच्या हाताकडे बघ. खाली येऊन ताकाचे दोन ग्लास प्यायले. इतकं सुख झालं होतं मला.

परतीच्या घाटात ते झालं.

उतारावर गाड्या दाटल्या होत्या, आम्ही बैलगाडीच्या चालीने. मी डावीकडे बसलेली म्हणून जयेशच्या आधी मला दिसलं. पुढे डाव्या कडेला उभ्या ट्रेलरच्या मागच्या दोन चाकांच्या मधून धूर, आणि धुरात एक लाल जीभ. लहानच होती. ड्रायव्हर बिस्लेरीच्या बाटलीने पाणी मारत होता. मग रस्त्यावर आला आणि गाड्यांना हात करायला लागला. आम्ही जवळ आलो. तो माझ्या खिडकीशी वाकला, काच अर्धी खाली होती. त्याला माझ्या मांडीवरची बाटली दिसली. त्याने बोट दाखवलं.

मी म्हटलं, "थांब रे."

जयेशने आपल्या बाजूच्या बटणाने काच वर केली. माझ्या नाकासमोरून ती वर गेली. पुढची गाडी सरकली, आम्ही सरकलो.

"एक्सप्रेसवेवर थांबता येत नाही आजी. मागून ठोकतील. आणि दिली आणि पुढं आपलीच पेटली तर? केवढी तापलीय बघ. त्याच्याकडे असेल त्याची, ट्रेलरमध्ये कंपल्सरी असते."

"बाळूच्या ट्रेलरमधीपन होती."

त्याने गाणं मोठं केलं.

मी एकदाच म्हटलं थांब. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ओरडता आलं असतं, सकाळी आनंदाने ओरडले तशी. दार उघडून पाय बाहेर टाकला असता तर त्याला थांबावंच लागलं असतं. पण मागून हॉर्न वाजत होते, मी घाबरले, आणि खरं लिहायचं तर मला ती सीट पण सोडवत नव्हती. वळणावर मागे बघितलं तर धूर काळा झाला होता.

घाट उतरल्यावर वड्याला थांबलो. पोरं गाडीसोबत फोटो काढायला लागली, एकाने मला पण फोटोत घेतलं, बाटलीसकट. वडा चांगला होता, चटणी तिखट. तेही लिहिते, कारण तो मी पुरा खाल्ला. त्या ड्रायव्हरचं काय झालं ते मला माहीत नाही. कोणाला विचारायचं.

घरी पोचलो तर ओटा भरलेला. चांगुणाने ओवाळलं, आधी गाडीला, मग मला. बाळू मात्र थेट बाटलीकडे गेला. चांगल्या हाताने उचलली, कानाशी धरून हलवली, पावडर खाली बसू नये म्हणून तसं करतात. मग कडीकडे बघितलं.

"सील तसंच हाय. नाय लागली ना कोनाला?"

जयेश माझ्याकडे बघत होता.

"नाय लागली," मी म्हटलं.

"बरं झालं," बाळू म्हणाला आणि बाटली पुसून कोनाड्यात ठेवली, देवाच्या शेजारी.

त्याच्यासाठी लिहीत नाही हे. तो वाचणारच नाही, त्याची चिकटलेली बोटं मोबाइलला कळत नाहीत, डाव्याने फोन लावतो तेवढंच. तुम्ही वाचताय, तुमच्या गाडीत बाटली असेल तर काटा बघा, तारीख बघा, आणि काचेचं बटण कुठं आहे ते आधी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणा चिरनेरला निघाली. प्रसादाचा नारळ पिशवीत घातला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "वयनी, आमी सगली दसऱ्याला येताव. गाडीला हार घालू, आन तुज्या त्या लाल नातवाला बी."

बाळू म्हणाला, त्या दिवशी पत्र्याचा पट्टा तोच बसवेल.

दसरा गुरुवारी आहे.